लाल हप्ता, हिरवा हप्ता

रिबन बोटभर रुंद असते, प्लॅस्टिकची. घडाच्या दांड्याला बांधली की पहिले काही दिवस ती कडक राहते. मग दांड्याचा चीक गाठीपाशी जमून काळा पडतो आणि त्यावर धूळ बसते. उन्हाने रंगही उतरतो. लाल विटकरीकडे जातो, हिरवा शेवाळाकडे. घड कापायला येईपर्यंत रिबन अशी झालेली असते की नवख्या माणसाला जरा थांबून बघावं लागतं. दिपमालाला थांबावं लागत नसे. तिच्या नवऱ्याला, अभिमनला, रिबन कोरी असतानाही लाल कोणती आणि हिरवी कोणती हे कळत नसे.

त्यांचं गाव गिरणेच्या काठी, भडगावपासून जवळच. गावातल्या केळीवाल्यांनी मिळून कंपनी काढली, पॅकहाऊस बांधलं, माल परदेशी जायला लागला आणि त्याबरोबर रिबन आली. ज्या आठवड्यात केळ निसवेल त्या आठवड्याचा एक रंग ठरलेला. या हप्त्यात घड बाहेर पडले त्यांना लाल, पुढच्या हप्त्यातल्यांना हिरवी, मग निळी, मग पिवळी. कापणीच्या दिवशी एकाच रंगाचे घड उतरवायचे, म्हणजे पेटीतला सगळा माल एका वयाचा निघतो. घडाला पिशवी चढवून रिबन बांधायचं काम बायांचं होतं, त्यांत दिपमाला होती. कापणीची टोळी अभिमनची होती. कंपनी निघायच्या आधीपासून तो मुकादम होता. कंपनीने त्याला महिन्याच्या पगारावर कायम केलं, त्या दिवशी टोळीतल्या गड्यांनी चिकाने काळ्या पडलेल्या कपड्यांतच त्याच्याभोवती उभं राहून फोटो काढला होता.

रंगाचं दिपमालाला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. दोघं बस स्टँडवरून चालत येत होते. ती म्हणाली होती, "गुलमोहर दखा कितला फुलना शे."

"कोठे?" त्याने विचारलं होतं.

ते झाडाखालीच उभे होते. पांढऱ्या मातीवर पडलेल्या पाकळ्या त्याला दिसत होत्या. फांद्यांवरच्या दिसत नव्हत्या. तिने विषय वाढवला नाही. माणूस नवा होता, सासर नवं होतं.

रिबन आली तेव्हा मात्र तिने एक केलं. अभिमनची टोळी कापणार त्या रांगांना रिबन बांधायचं काम ती स्वतःकडे घ्यायची. लाल रिबनीला ती एक गाठ मारायची आणि हिरवीला दोन. निळी, पिवळी त्याला ओळखता येत होती, त्यांना जास्तीची गाठ लागत नव्हती. तिने हे त्याला सांगितलं नाही. पण दोन-तीन कापण्या झाल्यावर तिने पाहिलं, कोयता उचलण्याआधी अभिमनचा डावा हात दांड्यावर जातो, अंगठा गाठीवरून फिरतो आणि मगच कोयता उठतो. या गोष्टीवर नवराबायकोत कधी एक शब्द झाला नाही.

जानेवारीत सासू, ताईबाई, न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. दिपमाला काही हप्ते कामावर गेली नाही. त्या दिवसांत निसवलेल्या रांगांना सुनंदाबाई आणि बाकीच्या बायांनी रिबनी बांधल्या, सगळ्यांना सारखी एकच गाठ.

एप्रिलमध्ये त्या रांगा कापायला आल्या.

*

माल गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. अर्धे घड भरलेले, अर्धे कोवळे. एकाच पेटीत दोन वयं. कंपनीचा शेती अधिकारी योगेंद्र मोटारसायकल लावून बागेत आला. तो धुळ्याचा, शेतकी कॉलेजात शिकलेला, आवाज चढवून बोलणाऱ्यांतला नव्हता. टोळी झाडाखाली भाकरी खात होती. बाया पलीकडच्या रांगेत होत्या. योगेंद्रने पॅकहाऊसमधून आणलेले दांड्याचे तुकडे अभिमनसमोर ठेवले. रिबनी तशाच होत्या.

"हे बघा अभिमनभाऊ. हे लाल, हे हिरवे. त्या दिवशी फक्त लाल उतरवायचे होते."

अभिमनने भाकरी खाली ठेवली आणि तुकडे हातात घेऊन पाहिले.

"उजेड नव्हता सायेब," गोपाल घाईने म्हणाला. तो टोळीतला दुसऱ्या नंबरचा गडी, लहानपणापासून अभिमनबरोबर. "झुंजूमुंजूले कापं आम्ही."

"उजेड होता," अभिमन म्हणाला. "मीच कापले. टोळीला मीच दाखवत गेलो, हा घ्या, तो घ्या म्हणून."

"मग असं कसं झालं?"

अभिमनने दांड्याचे तुकडे एकमेकांशेजारी नीट लावून ठेवले. पलीकडच्या रांगेत दिपमालाचा हात पिशवीच्या तोंडाशी थांबला होता.

आठ दिवसांत कंपनीने कापणीवाल्यांची डोळ्यांची तपासणी ठेवली. पॅकहाऊसच्या पत्र्याखाली, केळी धुवायच्या हौदाशेजारी टेबल टाकलं. डॉक्टरांनी एक पुस्तक आणलं होतं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचा गोल आणि त्यात आकडा लपवलेला. गडी रांगेत उभे राहून हसत होते. एकेकजण धडाधड वाचून जात होता. बाया पेट्या चिकटवता चिकटवता ऐकत होत्या.

अभिमनने पहिल्या पानावर बारा वाचले. दुसऱ्या पानावर तो म्हणाला, "तीन."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "नीट बघा."

"तीन आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. तिथे आठ होता, तो सगळ्यांना दिसत होता. पुढच्या पानावर सहा होता, अभिमनला पाच दिसला. त्याच्या पुढच्या पानांवर त्याला आकडाच सापडला नाही, नुसते ठिपके. तो वाकून बघत राहिला. दिपमालाला त्याची मान दिसत होती, उन्हाने भाजलेली, कॉलरखाली एकदम उजळ. दहा-बारा वर्षांच्या पोरासारखा तो टेबलावर वाकला होता आणि त्याच्या टोळीचे गडी त्याच्या खांद्यावरून वाकून उत्तरं बघत होते.

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. झुलाल नाना गावातले मोठे बागायतदार, कंपनी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिलेली. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला.

"तुझ्यावर राग नाही अभिमन. पण कापणीवर तुला ठेवता येणार नाही. गाडीवर जा, पेट्या भर. तिथे रंगाचं काम नाही. तेवढं लिहून दे, की मी स्वखुशीने मुकादमकी सोडतो आणि रोजंदारीवर येतो. पुढल्या सोमवारी डॉक्टर पुन्हा येताहेत, दोन गडी आज नव्हते. तोवर ठरव."

"बघतो नाना," अभिमन म्हणाला.

घरी दिपमालाने विचारलं, काय ठरवलं. तिलाही तो तेच म्हणाला, "दखसूत."

*

त्या दिवसांत ऊन असं होतं की सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नव्हता. अभिमन गाडीवर गेला. घड खांद्यावर घेणं आणि पेटी उचलणं यात फरक असतो. घडाला खांद्यावर स्पंजाची गादी असते, वजन अंगाला धरून बसतं, माणूस ताठ चालतो. पेटी पोटाशी धरून वाकावं लागतं, पुन्हा वर फेकावी लागते, पुन्हा वाकावं लागतं. तिसऱ्या दिवशी त्याला चपला घालायला खाली वाकता येईना. दिपमालाने खोबरेल तेल गरम करून त्याची कंबर चोळली. पाठीच्या दोन्ही बाजूंना दोर वळल्यासारखे स्नायू आखडले होते.

थट्टा पहिल्या दिवसापासूनच सुरू झाली होती. पेटी घ्यायला तो पॅकहाऊसमध्ये आला की सुनंदाबाई पदर पुढे करायची. "अभिमन भो, मन्ही साडी कोनता रंगनी शे सांग बरं."

"तुन्हा नवराले इचार. त्याले बी सांगता येवाव नही," अभिमन म्हणाला.

बाया हसल्या, सुनंदाबाईही हसली. ते गमतीत गेलं. पण पुढे थट्टेला धार आली. गाडीचा पोरगेला ड्रायव्हर खिशात रिबनीचे तुकडे घेऊन फिरायला लागला. "काका, हाई कोनती?" असं प्रत्येक खेपेला. एकदा अभिमन म्हणाला, "निळी." ती निळीच होती. "वा, पास," ड्रायव्हर म्हणाला आणि टाळ्या वाजवल्या. दोन-चार गड्यांनीही वाजवल्या. अभिमनने पेटी गाडीत ठेवली, हात झटकले आणि पुढची पेटी आणायला गेला. त्याची मान खाली गेली नाही. दिपमालाने ते पाहिलं. तिच्या हातातला चिकटपट्टीचा रोल तिने इतका दाबला होता की बोटांत कड उमटली.

गुरुवारी संध्याकाळी गोपाल घरी आला. दारातच चप्पल काढून उंबऱ्याशी बसला. तीन दिवस तोच टोळी चालवत होता.

"गडी मन्हं आयकतस नही भो," तो म्हणाला. "मले तुन्ही जागा नको."

"मंग?"

"सोमवारले डॉक्टर येस ना? पुस्तक तेच, पानं तीच. मी फोटो काढी लिधात." त्याने मोबाईल पुढे केला. "पाठ करी टाक. नाना बी म्हनेत, दुसऱ्यांदा बरोबर सांगं तं आमले काय, पास धरसूत. त्यास्ले बी तूच जोयजे. फक्त कागदवर बरोबर ऱ्हावाले पाहिजे."

अभिमन मोबाईलकडे बघत बसला. दिपमालाने तो गोपालच्या हातातून घेतला.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडून आकडे पाठ करून घेतले. ती भाकरी थापता थापता विचारायची, तो बाजेवर बसून सांगायचा.

"पयलं पान?"

"बारा."

"दुसरं?"

"आठ."

"तिसरं?"

"सहा." तो थांबला. "दीपा, मले तठे पाच दिखस. धडधडीत पाच. आंधारमा चाचपाडी बोलनू तं गोट येगळी. मी दखीसन खोटं बोलू?"

"नोकरी वाचस ना," ती म्हणाली. "चौथं सांगा."

"एकोणतीस."

त्याने सगळे आकडे दोन दिवसांत बिनचूक पाठ केले. मुलगी रेशमा भडगावला अकरावीत होती, शास्त्र शाखेला. ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती आणि पान उलटत नव्हती.

"पप्पा पास झाले तरी रिबन कशी ओळखतील?" शेवटी ती म्हणाली.

 तव्यावरची भाकरी दिपमालाने उलटली, ती करपली होती.

रेशमानेच सांगितलं, की हा आजार नाही, डोळ्यांतल्या पेशींची घडण आहे. जन्माची आणि पुरुषांत पुष्कळ. आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा, दाखला मिळतो का विचारा. दिव्यांगांना कामावरून असं काढता येत नाही, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं.

*

शनिवारी दोघं पहाटेच्या एस.टी.ने जळगावला गेली. दिपमालाचा भाऊ पिंप्राळ्याला राहायचा, त्याने स्कूटरवर एकेकाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सोडलं. बाई वयस्कर होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी बराच वेळ तपासलं.

"लाल आणि हिरवा यांतला फरक तुम्हाला दिसत नाही. जन्मापासूनच. हे बरं होत नाही, आणि वाढतही नाही. बाकी नजर एकदम उत्तम आहे. लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं तुम्हाला."

"मॅडम, दिव्यांगाचा दाखला मिळेल का?" दिपमालाने विचारलं.

"नाही मिळणार. त्या यादीत हे बसत नाही. नजर कमी असेल तर मिळतो, यांची कमी नाही."

अभिमनने जरा विचार केला. "म्हणजे दाखल्याला मी धडधाकट, आणि कामाला अपंग."

"तसंच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. मग विचारलं, "काम काय करता?"

त्याने सांगितलं. रिबन, हप्ते, घड.

"मग रंगाऐवजी दुसरी काही खूण नाही का करता येत?"

दिपमालाने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. अभिमननेही तिच्या हातांकडे पाहिलं.

परतीच्या गाडीत खिडकीतून गरम वारा येत होता. पाचोऱ्यापर्यंत गाडी खच्चून भरलेली होती. पुढे एका थांब्यावर गाडी रिकामी झाली, तेव्हा तो म्हणाला,

"तुन्ही गाठ. मले माहीत व्हतं."

"मले बी माहीत व्हतं, तुमले माहीत शे ते."

तो हसला, बऱ्याच दिवसांनी. मग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

"तू जानेवारीमा घर ऱ्हायनी. मी तव्हाच सांगाले पाहिजे व्हतं योगेंद्रले. या रांगा मन्ह्याघाई व्हवाव नहीत, म्हनीसन. लाज वाटनी. कोवया घड गयात ते मन्हा डोयास्मुये नही गयात दीपा. मन्हा तोंडमुये गयात."

 आकडे पाठ करून घेतल्याची तिला त्या वेळी लाज वाटली, आणि त्याच वेळी तिला तिच्या शेजारी बसलेला हा माणूस फार बरा वाटला. कंडक्टर पुढे बसून पैसे मोजत होता. तिने अभिमनच्या दंडाला खांदा टेकवला आणि तसाच राहू दिला.

घरी ताईबाई बाजेवर बसल्या होत्या, काठी शेजारी. त्यांना रेशमाने सगळं सांगून ठेवलं होतं. हे आईकडून मुलाला येतं, हेही.

"मन्हाकडथीन उनं म्हनस ही पोर," त्या म्हणाल्या.

"आजी, त्यात तुझा दोष नाही," रेशमा म्हणाली.

"दोष कोन म्हने?" ताईबाईंनी तिला गप्प केलं. मग अभिमनला जवळ बोलावलं. "बठ. तुन्हा रुपचंदमामा याद शे का?"

रुपचंदमामा सगळ्या नात्यात कामचोर म्हणून प्रसिद्ध होता. तरुणपणी रेल्वेच्या भरतीला गेला आणि पळून आला, ही गोष्ट लग्नाकार्यात हसून सांगितली जायची. अभिमननेही ती सांगितली होती.

"तो पयी नही उना," ताईबाई म्हणाल्या. "धावना, वजन उचलं, बठ्ठामा पास. मंग त्याले रंग दखाडात. त्याले वयखू उनात नहीत. परत उना तं कोनले बोलना नही. मन्हा डोया असा शेतस म्हनाले त्याले लाज वाटनी. गावनी म्हनं कामले भ्याना. मरापर्यंत म्हनेत." त्यांनी काठी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. "वजन उचलामा त्याना हात धरनारा कोनी नव्हता. आनि कामचोर म्हनेत."

 बाहेर शेजारणीने हौदाचा पाईप सोडला होता, पाण्याचा आवाज येत होता.

"ते डोया मी दिधेल शेतस तुले," ताईबाई म्हणाल्या. "मन्हा माहेरना शेतस. चोरीना नहीत."

*

रविवारी कापणी नव्हती, बांधणी होती. बाया सकाळी सहालाच बागेत गेल्या. नवा हप्ता हिरव्याचा होता. दिपमाला रांगेत शिरली, शिडीवर चढली आणि पहिल्या घडाला दोन गाठी मारल्या. आजवर ती दुसरी गाठ पटकन, पाठ फिरवून मारायची. आज तिने सगळ्यांना दिसेल अशी मारली.

"दोन काब्र व?" खालून सुनंदाबाईने विचारलं.

"त्यास्ले बोटले समजाले पाहिजे. एक म्हनजे लाल, दोन म्हनजे हिरवा."

सुनंदाबाई शिडी धरून उभी होती. "कवयपासून मारस?"

"रिबन उनी तव्हापासून."

"आनि मी साडी दखाडत बठनू त्याले," सुनंदाबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आमले सांगं नही काब्र? जानेवारीमा आम्हीच बांधी टाकतुत ना दोन. हात तेच शेतस."

 इतकं सोपं होतं ते. दीड वर्ष तिने ही गाठ एकटीने सांभाळली होती, जणू घरातलं उणं झाकावं तशी. ती शिडीवरून खाली उतरली तेव्हा सुनंदाबाई शेजारच्या झाडाला शिडी लावत होती. तिने रिबन बांधली, दात लावून घट्ट ओढली आणि वर दुसरी गाठ मारली. पुढच्या बाईने विचारलं, तिलाही सांगितलं. ऊन चढेपर्यंत सगळ्या रांगेला दोन गाठी झाल्या होत्या. मग बाया कापायला आलेल्या रांगांत शिरल्या आणि तिथल्या जुन्या हिरव्या रिबनींनाही दुसरी गाठ मारली.

त्या रात्री जेवताना दिपमालाने अभिमनला विचारलं नाही, काय ठरवलं. त्याने आपणहून सांगितलं नाही. त्याने फक्त मुकादमकीचा खाकी शर्ट खाली काढून ठेवला. तो शर्ट आठ दिवस खुंटीवर होता. खांद्यापाशी चिकाचे काळे डाग धुऊनही गेले नव्हते.

*

सोमवारी पत्र्याखाली पुन्हा टेबल मांडलं. झुलाल नाना, योगेंद्र, डॉक्टर. हौदाकडे बाया, मागे टोळी. दोन राहिलेल्या गड्यांची तपासणी झाली. मग नानांनी अभिमनकडे पाहून हलकेच मान हलवली.

"डॉक्टरसाहेब, आमच्या अभिमनची पुन्हा एकदा बघून घ्या. त्या दिवशी उन्हातून आला होता, डोळे दिपले असतील."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान.

"बारा."

दुसरं पान. गोपालने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. दिपमाला हौदाच्या काठाला टेकून उभी होती. काठाचं ओलं सिमेंट तिच्या तळहाताला गार लागत होतं.

"इथे आठ आहे, हे मला पाठ आहे," अभिमन म्हणाला. "पुढे सहा आहे, त्याच्या पुढे एकोणतीस. सगळं पुस्तक पाठ आहे. पण मला इथे तीन दिसतो."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. नानांचा चेहरा पडला. "अरे, तुला सोडवायला बघत होतो मी."

"माहीत आहे नाना."

"मग आता काय करायचं? मला पण वर उत्तर द्यायचं असतं. माल परत आला तर नाव माझं जातं. नियम रंगाचा आहे."

"नाना, बोलू का?" हौदाकडून सुनंदाबाई म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता बोलली. "कालदिन बठ्ठा हिरवास्ले आम्ही दोन गाठी मारेल शेतस. लालले एक. रंग तठेच शे, कोनी काढा नही. ज्याले रंग दिखस त्यानी रंग दखवा, ज्याले नही त्यानी गाठ."

योगेंद्रने वळून पाहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नही. हात शेतस आमले."

बाया हसल्या. योगेंद्रही हसणार होता, पण नानांकडे पाहून थांबला. "परदेशी जाणारा माल तपासतात त्यांना चालेल की नाही, विचारावं लागेल," तो म्हणाला. "रंग तसेच राहणार असतील तर न चालायचं कारण मला तरी दिसत नाही."

"आणि नाही चाललं तर?" नाना म्हणाले. त्यांनी पाकिटातून कागद काढून टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. "हे बघ अभिमन, मी काही तुला उपाशी मारत नाही. गाडीवर काम आहे. इथे सही कर, गाठींचं पुढे बघता येईल. वर्षभराने परत घेऊ. आठ दिवस झाले, तू नुसता बघतो, बघतो करतोस. आज काय ते सांग."

अभिमनने कागद उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. स्वखुशीने हा शब्द त्याने दोनदा वाचला असावा, कारण त्याची नजर त्या ओळीवर परत आली. मग तो कागद त्याने होता तसा टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्यापासून बाजूला सरकवलं. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली.  दिपमालाला वाटलं, तो तिच्याकडे बघेल. त्याने पाहिलं नाही, आणि तिला त्याचं बरंच वाटलं. तो सरळ उभा होता, गाडीवर आठ दिवस वाकून आखडलेली पाठ ताठ करून. तो घरच्या बोलीत बोलला नाही. कागदावर लिहितात तशा भाषेत, एकेक शब्द सुटा करून बोलला, म्हणजे लिहायचं तर कुणाला लिहिता यावं.

"मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही नाना. जन्मापासून. हे आता सगळ्यांना माहीत आहे, यापुढे कुणापासून झाकून ठेवायची गरज नाही. ते कोवळे घड मी कापले, त्याची चूक माझी, कारण मी गप्प राहिलो. परत गप्प राहणार नाही. मुकादमकी मी सोडत नाही. उद्या सकाळी माझी टोळी घेऊन मी बागेत जाणार, गाठ बघून कापणार. तुम्हाला मला काढायचं असेल तर स्वखुशीने लिहू नका. डोळ्यांमुळे काढलं असं लिहा, खाली तुमची सही करा, आणि तो कागद मला द्या. मी तो घेऊन जळगावला कामगारांच्या ऑफिसात जाईन."